मुंडेसाहेब विरोधी पक्षनेते झाले ते नेमके कोणत्या आकड्यांवर?

अंबाजोगाईकर:
१९९० ला सेनेचे ५२ आमदार, भाजपचे ४२. म्हणून मनोहर जोशी विरोधी पक्षनेते, इथपर्यंत कळतं. मग निवडणूक न होता डिसेंबर १९९१ मध्ये पद गोपीनाथराव मुंडेंकडे कसं आलं? आपल्याकडं सगळे थेट त्यांच्या भाषणांवरच येतात, मधला हिशेब कोणी सांगत नाही. शिवाय या पदाला २९ आमदार लागतात म्हणतात, ते तेव्हाही होतं का?

बालाघाट:
हिशेब छगन भुजबळ आपला गट घेऊन सेनेतून फुटले त्यात आहे. तेव्हा पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे दहाव्या अनुसूचीत, एक तृतीयांश आमदार फुटले तर आमदारकी वाचायची. ५२ भागिले ३ म्हणजे १७.३३. सतरा जणांनी भागत नव्हतं, अठरावा लागत होता, आणि गट दाखवला तो बरोब्बर १८ चा. विधानसभेचे अध्यक्ष मधुकरराव चौधरींनी फूट मान्य केली आणि कागदावर सेना ३४ वर आली. भाजपचे ४२ जागच्या जागी. विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष बदलला, की पद सरकतं. मित्रपक्ष आहे म्हणून सवलत नाही.

हाच नियम पुढं त्यांच्यावर उलटला. १९९९ ला सत्ता गेली तेव्हा सेना ६९, भाजप ५६. उपमुख्यमंत्रिपद सांभाळून आलेले मुंडे बाजूला, पद नारायण राणेंना.

आज अशी फूट चालत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांशची वाट बंद केली. आता दुसऱ्या पक्षात विलीनीकरणच चालतं, आणि त्यालाही दोन तृतीयांश आमदार लागतात.

मांजराकाठ:
दोन चुका नेहमी होतात, तेवढ्या टाळा. एक, मुंडे पदावर आले तेव्हा मुख्यमंत्री पवार नव्हते, सुधाकरराव नाईक होते. पवार दिल्लीहून परतले मार्च १९९३ मध्ये, मुंबईच्या बॉम्बस्फोटांआधी जेमतेम आठवडाभर. गुन्हेगारी आणि राजकारणाच्या साट्यालोट्यावरचा मुंडेंचा गाजलेला हल्ला त्यानंतरचा. दोन, ते 'परळीचे आमदार' कधीच नव्हते. मतदारसंघ रेणापूर. १९८० ला जिंकले, ८५ ला पडले, ९० पासून सलग चार वेळा निवडून आले. २००९ पासून नव्या फेररचनेत रेणापूर मतदारसंघच उरला नाही, तालुका लातूर ग्रामीणमध्ये गेला.

आणि हो, लोकसभेत ते भाजपचे उपनेते होते. ते पक्षाचं पद, विरोधी पक्षनेतेपद नव्हे.

बालाघाट:
२९ चं राहिलंच. २८८ चे दहा टक्के म्हणून २९. पण राज्याच्या १९७८ च्या कायद्यात टक्केवारी नाही. विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच. मान्यता मिळाली की मंत्र्याचा दर्जा. दहा टक्के हा लोकसभेत पहिले अध्यक्ष मावळंकर यांच्या काळापासूनचा संकेत.

दाखला हवा तर १९८५ ची विधानसभा बघा. पवारांच्या समाजवादी काँग्रेसचे ५४ होते. डिसेंबर ८६ मध्ये आपल्या औरंगाबादेत राजीव गांधींसमोर पवार काँग्रेसमध्ये परतले आणि विरोधी बाकं रिकामी झाली. उरलेल्यांत जनता पक्षाचे २० आणि शेकापचे १३. तरी निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे, पुन्हा दत्ता पाटील असे आळीपाळीनं विरोधी पक्षनेते झालेच. २०२४ च्या निकालात सेनेच्या ठाकरे गटाला २० मिळाले. त्यामुळं विरोधी पक्षनेतेपदासाठी 'आकडा नाही' हे उत्तर मला तरी पटत नाही.

अंबाजोगाईकर:
१७.३३ चं गणित पहिल्यांदाच कळलं. मुंडेंची त्या काळातली सभागृहातली भाषणं जशीच्या तशी कुठं मिळतील?

मांजराकाठ:
विधिमंडळाच्या कामकाजाच्या छापील खंडांत. नुसतं नाव शोधत बसू नका, अधिवेशन आणि तारीख धरून जा. लक्षवेधी नियम १०५ खाली, मोठी चर्चा २९३ खाली, आणि 'अंतिम आठवडा प्रस्ताव' विरोधकांचाच असतो, त्यामुळं तो आधी काढा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, म्हणून त्यावरचं काही हवं असेल तर त्याच वर्षाच्या नागपूर अधिवेशनापासून सुरुवात करा.