बायोफीडबॅकसाठी मुलाला पुण्याला न्यावं का? (वय 15, रात्रभर मोबाइल)

खळ्यातली

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यातले. घराला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत, राहणं-जेवण दोन्ही. मुलगा यंदा दहावीला. लॉकडाउनमध्ये शाळेसाठी मोबाइल हातात आला तो आलाच. गेम, रील्स, परत गेम. रात्री दोनला पाणी प्यायला उठावं तर गोधडीखालून उजेड. सकाळी शाळेच्या एसटीसाठी उठवताना रोजचं महाभारत.

मोबाइल काढून घ्या म्हणणाऱ्यांना आधीच सांगते, आमचं बुकिंग तोच बघतो. लोकेशन पाठवणं, खोल्यांचे फोटो टाकणं, पैसे जमा झाले का बघणं, सगळं त्याच्याकडे, आणि हिशेब चोख असतो. ह्यांना त्यातलं काही येत नाही, मला चुलीपुढून हलता येत नाही. वायफायसुद्धा पाहुण्यांसाठीच घेतलं. गाडीतून उतरल्यावर समुद्र कुठे हे नंतर, आधी पासवर्ड! बंद कसं ठेवणार?

पावसात लाइट गेली की नेट जातं, तेव्हा त्याचं जे होतं ते बघवत नाही. येरझाऱ्या घालतो, तळहात घामाने ओले, आजीवर खेकसतो. मधूनमधून डोकं दुखतं म्हणतो.

नणंदेच्या ओळखीचं पुण्यात एक क्लिनिक आहे. त्यांनी फोनवर सांगितलं, बायोफीडबॅक ट्रेनिंगने स्क्रीनचं व्यसन मुळापासून जातं. बोटांना सेन्सर लावतात, कॉम्प्युटरवर आलेख दिसतो, मूल स्वतःला शांत करायला शिकतं. वीस सेशनचं पॅकेज, पैसे आधी. पैशांचं बघू कसंतरी, पण दर आठवड्याला कुंभार्ली घाट चढून जायचं-यायचं, तेही दहावीच्या वर्षात. कुणी केलंय का? खरंच गुण येतो?

जुना खलाशी

पुण्याचे पैसे वाचवा. लावणीला चिखलात उतरवा दोन दिवस, रात्री नऊला आडवा होईल. हात ओले व्हायचे तर चिखलाने होऊ देत.

वाशिष्ठीकाठ

खलाशीकाका, दोन दिवस झोपेल हो. तिसऱ्या दिवशी काय?

ताई, मी चिपळूणला समुपदेशन करते. त्याआधी मुंबईत एका रुग्णालयात हे यंत्र रोज हाताळत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोटाला चिमटा लावून नाडी मोजतात, दुसऱ्या दोन बोटांवरच्या पट्ट्यांतून त्वचेवरचा घाम आणि पोटाभोवतीच्या पट्ट्यातून श्वास. तळहाताच्या घामावर आपला ताबा नसतो. मनाला जरा धसका बसला की आपल्याला कळायच्या आत तो वाढलेला असतो. हे सगळं पडद्यावर चालू असताना मुलाला श्वास सावकाश करायला लावतात. मिनिटाला साधारण सहा, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. त्या गतीला आलं की श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात, आणि हे चढउतार मोठे आणि एकसारखे होत जातात, कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची लय या गतीशी जुळते. 'शांत हो' म्हटल्याने पंधरा वर्षांचा मुलगा शांत झालेला मी पाहिलेला नाही. पण आपल्याच नाडीची रेघ आपण वळवू शकतो हे दिसलं की त्याला त्यात रस येतो. स्कोअर वाढवण्याची सवय असतेच.

इथपर्यंत छान. मायग्रेन आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी यांत याचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. इंटरनेटच्या अतिवापरावरचे अभ्यास मात्र लहान आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत सोबत समुपदेशनही चालू असतं. मग गुण यंत्राचा की बोलण्याचा, हे कसं ठरवणार? 'मुळापासून जातं' असं जो सांगतो त्याला पैसे आधी देऊ नका.

आणखी एक. तिथे गेल्यावर कदाचित डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी दाखवतील. ते न्यूरोफीडबॅक, त्याचे दर आणखी चढे. लक्ष न लागणाऱ्या मुलांच्या आईबापांना ते भरपूर विकलं जातं. अमेरिकेत 7 ते 10 वर्षांच्या अशा मुलांवर मोठी चाचणी झाली. काहींना खरं ट्रेनिंग, काहींना नुसतं दिखाऊ, आणि कुणाला काय मिळतंय हे आईबापांनाही माहीत नव्हतं. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, जवळजवळ सारखीच.

'व्यसन' हा शब्दही जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू आहे. तिच्यात गेमिंग डिसऑर्डर आहे, 'इंटरनेटचं व्यसन' असा वेगळा आजार नाही. गेमिंगलाही अटी आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं. पाहुण्यांचा हिशेब चोख ठेवणारा मुलगा यात बसतो का, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय मी तरी सांगणार नाही. त्यांनी फोनवर सांगून टाकलं!

मला सांगा, डोकं नेट गेल्यावरच दुखतं की एरवीही? रात्री दोनपर्यंत तो कुणाबरोबर खेळतो? आणि नेट नसतानाही तो बरा असतो अशी एखादी वेळ आहे का?

कुडाळची आवस

आमच्या चेडवाक मायग्रेन होता म्हणान मुंबयक केललव, तिच्या मावशीकडे ठेवन. नेटासाठी नाय. (आता साधं लिहिते, नाहीतर निम्म्यांना कळायचं नाही.) पहिले काही दिवस तिला कंटाळा आला, नुसती रेघ बघत बसायची. मग मानेच्या स्नायूंवर सेन्सर लावला तेव्हा तिला दिसलं की मोबाइलवर मेसेज वाचताना आपले खांदे वर चढलेले असतात. ते तिच्या डोक्यात बसलं. डोकेदुखी खूप कमी झाली. मोबाइल? तेवढाच बघते. फक्त आता खांदे खाली ठेवून बघते 😄

डोंबिवलीचा गुहागरकर

वहिनी, वायफायचं सोपं आहे. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, म्हणजे पाहुण्यांना वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. घरच्यांचं नेट रात्री अमुक वाजता आपोआप बंद होईल असं बऱ्याच राउटरमध्ये लावता येतं, पाहुण्यांचं चालू राहतं. एवढंच की गेस्टचा पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे पाहिजे. सध्या दोन्ही कुणाकडे आहेत ते मला विचारू नका, माहीत आहे. त्याच्याकडे मोबाइल डेटाही असणार, तो तुमच्या घरात कितपत चालतो?

खळ्यातली

डेटा फक्त आंब्याच्या झाडाखाली चालतो, आणि या पावसात तिथे कोण उभं राहील. पासवर्ड अर्थात त्याच्याकडे.

वाशिष्ठीकाठताई, काल त्याला विचारलं, ओरडायचं नाही असं ठरवून. दिराचा मुलगा विरारला असतो. तो क्लासवरून दहाला घरी येतो, जेवतो, मग चौघांची टीम जमते. मधेच एक जण गेला की बाकीचे हरतात आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शिव्या. म्हणजे लाइट गेली की हा जीव खातो ते त्यासाठी.

डोकं नेट गेल्यावर नाही, जास्त करून शाळेतून आल्यावर दुखतं. फळ्यावरचं दिसतं म्हणतो, पण वही डोळ्यांजवळ धरतो खरा.

नेट नसताना बरा... श्रावण लागला की वाडीत जाखडी नाचाची तालीम असते. हा ढोलकी वाजवतो. सहाणेकडे अजिबात रेंज नाही, मोबाइल घरीच टाकून जातो. साडेअकराला येतो, उरलेली भाकरी खातो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी एका हाकेत उठतो.

वाशिष्ठीकाठ

मग तुमचा अर्धा तपास तुम्हीच केलात. तालमीच्या रात्री मोबाइल नाही, तरी हात ओले होत नाहीत, खेकसणं नाही. चार मित्रांत आपली जागा टिकवायची धडपड आहे ती, आणि त्या वयात ती असायचीच. त्याचा तळहात घामेजतो तो खोटा नाही, पण सेन्सर लावला तर सेन्सर एवढंच सांगेल की घाम आला. ग्रुपवरच्या शिव्यांचं काय करायचं ते त्याला आलेखावर दिसणार नाही.

आधी डोळे तपासून घ्या. चष्म्याने भागलं तर ठीक. नाही भागलं आणि डॉक्टरांनी ताणाची डोकेदुखी म्हटलं, तर बायोफीडबॅकचा विचार करायला हरकत नाही. पण तेव्हाही पॅकेज नको. चार-पाच सेशननंतर काय मोजणार, घरी सरावाला काय देणार आणि यंत्राशिवाय जमायला लागलं हे कसं ओळखणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर परतीची एसटी पकडा.

श्वासाचा भाग घरी फुकट करता येतो. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, रोज दहा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजू दे त्याला. तो ढोलकी वाजवतो म्हणजे लय त्याला शिकवावी लागणार नाही. मात्र लाइट गेल्यावर, तो भडकलेला असताना 'श्वास घे' म्हणून सांगायला जाऊ नका, मोबाइल तुमच्याच अंगावर येईल. शांत असताना सराव झालेला असेल तरच अडीनडीला तो आठवतो. घोरणाऱ्या आजीला शेजारी बसवू नका एवढंच.

आणि विरारच्या जाऊबाईंशी बोला. त्यांचा मुलगा क्लासवरून येतोच दहाला, मग टीम रोजऐवजी शनिवार-रविवारवर नेता येते का? एकट्या तुमच्या मुलाने मधेच उठायचं म्हटलं तर शिव्या त्यालाच. चौघांनी ठरवलं तर कुणालाच नाहीत.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत शाळा आणि झोप जागेवर आली नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक आहे का तेही विचारा. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून घरी येता येतं.

जुना खलाशी

ढोलकी वाजवतो हे आधी सांगायचं ना. चिखलाचं मागे घेतो. बोटं जपायला पाहिजेत.

खळ्यातली

जाऊबाईंना फोन केला. त्यांच्याकडेही तेच रामायण, उलट त्यांना वाटत होतं आमचाच मुलगा त्यांच्या मुलाला जागवतो! गणपतीला सगळे इथे येणार आहेत, तेव्हा दोघांना समोरासमोर बसवू. पुण्याला तूर्त नाही कळवलं. डोळ्यांसाठी सोमवारी चिपळूणला नेते.

डोंबिवलीचे भावोजी, राउटर पांढरा आहे, दोन शिंगांचा, केबलवाल्याने बसवलेला. मागे एक स्टिकर आहे पण पालीने त्यावर काय काय करून ठेवलंय. पुसून फोटो टाकते.

डोंबिवलीचा गुहागरकर

टाका. पण इथे नको, पासवर्ड दिसेल. मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.