नागपूर भागातील गुरांच्या बाजारात बैल, बोकड आणि मेंढ्यांचा भाव नेमका कसा ठरतो?

उमरेडकर शेतकरी

नमस्कार. आमची उमरेड तालुक्यात कोरडवाहू शेती असून कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके आहेत. घरी गवळाऊ बैलांची एक जोडी आहे. त्यातला एक बैल जुळलेला (सर्व पक्के दात आलेला), तर दुसरा सहा दाती आहे. शिवाय काही बोकड आहेत आणि एका कुरमार मेंढपाळाकडून घेतलेल्या मेंढ्यांचा लहानसा कळप आहे. शेतात राबणारी माणसे घरात कमी झाल्यामुळे जोडी आणि कळपाचा काही भाग विकावा, असा विचार चालू आहे.

अडचण अशी की, भाव कशावरून समजून घ्यावा हेच कळत नाही. बाजार समितीच्या भावपत्रकात बैलांच्या किमान आणि कमाल दरांत इतके अंतर असते की मधला ‘सर्वसाधारण दर’ कोणत्या बैलाचा समजावा, हा प्रश्न पडतो. बोकडांचेही तसेच आहे. एकाच आठवड्यात दोन बाजारांत एकाच बोकडाला आलेल्या मागणीत दीड-दोन हजारांचा फरक होता आणि दोन्ही ठिकाणी ‘सध्या हाच भाव चालू आहे’ असे मला ठामपणे सांगण्यात आले. मेंढ्यांकडे तर गिऱ्हाईक धड पाहतही नाही. तेव्हा भावपत्रकावर कितपत विसंबावे, विक्री कोणत्या महिन्यात करावी आणि नगावर विकण्याऐवजी वजनावर विकणे फायद्याचे ठरेल काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मौद्याकडचा बाजारकरी

भाऊ, भावपत्रक खोटे नसते, पण त्याचा हिशेब नगाचा असतो आणि बैलांच्या बाबतीत नग हे मापच फसवे आहे. किमान दराच्या रकान्यात खांद्याला गाठ आलेला म्हातारा बैल असतो, तर कमाल दराच्या रकान्यात चार दाती, एकरंगी, जोडीने चाललेली जनावरे असतात. या दोहोंच्या मधोमध काढलेल्या आकड्याचा एकही बैल त्या दिवशी बाजारात उभा नसण्याचीच शक्यता अधिक. शिवाय आपल्याकडील गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला जात नाही. शासकीय किंवा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील निकामी जनावरांची विक्री मात्र जाहीर लिलावाने, अनामत रक्कम भरून घेऊन होते आणि तिथे प्रत्येक बोली सर्वांच्या कानावर पडते. बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरवतो, आणि पावतीवर नोंदली जाणारी किंमत ही घेणारा आणि विकणारा यांनी सांगितलेली किंमत असते. त्यामुळे भावपत्रकावरून बाजार चढता आहे की उतरता, एवढेच जोखावे. आपल्या जोडीची किंमत त्यात शोधू नये.

बैलांच्या किमतीची तळरेषा कशी नाहीशी झाली, हेही ध्यानात घ्यावे लागेल. मार्च २०१५ पासून राज्यात प्राणी रक्षण कायद्यातील दुरुस्ती लागू झाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तोवर कामातून गेलेल्या बैलालाही काही एक किंमत मिळत असे आणि त्या पैशांत भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा आणत असे. आता म्हातारा बैल विकत घेणारा क्वचितच सापडतो, आणि पुढे आपल्यालाही हा बैल विकता येणार नाही, हे ओळखून नवा घेणारा आधीच हात आखडता घेतो. या बंदीत म्हशी व हल्ये (रेडे) येत नाहीत, म्हणून धानपट्ट्यातील हल्याचा भाव उतारवयातही बैलाइतका कोसळत नाही. कायद्याविषयी प्रत्येकाचे मत काहीही असो, हिशेबाच्या वहीत हा फरक दिसतोच.

आता आपल्या जोडीविषयी. एक बैल जुळलेला आणि एक सहा दाती, म्हणजे दोघेही ऐन कामाच्या वयात आहेत. त्यांची फोड करून विकू नका. एकमेकांच्या चालीला चाल मिळालेल्या जोडीला जो अधिक भाव मिळतो, तो एकेकटा विकल्यावर दोघांच्या बेरजेत कधीच भरून निघत नाही. ट्रॅक्टरने नांगरणी आणि पेरणी उरकते हे खरे आहे. परंतु कपाशी गुडघ्याला लागल्यावर तासांमधून डवरा (कोळपे) फिरवायला अजूनही बैलच लागतो, आणि म्हणून काटोल, नरखेड, उमरेडकडील गिऱ्हाईक अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत जोड्या पाहत फिरत असते. आपला विक्रीचा काळ तोच आहे. पोळा झाला की मागणी थंडावते. (तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचा भाव तेवढा दरवर्षी चढाच राहतो, हा नागपूरचा वेगळाच बाजार!) डवरणी संपली, की पुढे बैलांना बसून खाऊ घालायचे म्हणून अनेक जण एकदम जनावरे बाजारात काढतात आणि स्वतःच भाव पाडतात. ज्याच्या घरी पुरेसे कुटार आणि कडबा आहे, त्याने त्या गर्दीत पडू नये.

सौद्यापूर्वी बैल जुंपून दाखवण्याची तयारी ठेवा. बैल बसका नाही, मारका नाही आणि जू टाकत नाही, एवढे डोळ्यांनी पाहिले की गिऱ्हाईक घासाघीस कमी करते.

निवृत्त पशुवैद्यक, नागपूर

वरील प्रतिसादातील बैलांविषयीचे विवेचन योग्य आहे. मी शेळ्या-मेंढ्यांपुरते लिहितो, कारण तेथे विक्रेत्याचे नुकसान प्रामुख्याने वजन माहीत नसल्यामुळे होते. गिऱ्हाईक पाठीवर हात फिरवून, कंबरेचे हाड चाचपून मनातल्या मनात मांसाचा अंदाज बांधते आणि विकणारा मात्र शेजारचा बोकड कितीला गेला यावर किंमत सांगतो. घरी काटा नसला तरी साध्या टेपने वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंत लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येस ६६० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये मिळते. उदाहरणार्थ, घेर २८ इंच आणि लांबी २५ इंच असल्यास गुणाकार १९,६०० येतो आणि वजन सुमारे ३० किलो निघते. पोट तुडुंब भरलेले असताना मोजल्यास अंदाज फसतो, म्हणून सकाळी चारा-पाणी देण्यापूर्वी मोजावे. बाजारात नेण्याआधी भरमसाट पाणी पाजण्याची जी रीत आहे, तिने कोणताही जुना खाटीक फसत नाही; जनावराला मात्र त्रास होतो.

जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडते. समजा ३० किलोच्या बोकडाचा उतारा ४८ टक्के धरला, तर १४.४ किलो मटण मिळेल. दुकानातील दर किलोला ८०० रुपये आहे असे मानले, तर त्याचे ११,५२० रुपये होतात. मुंडी, पाय आणि वजडी यांचे पैसे कापणाऱ्याच्या मजुरीत गेले असे धरले, तरी वाहतूक, दलाली, दुकानभाडे आणि नफा यांसाठी खाटकाला दीड हजार तरी सुटले पाहिजेत. म्हणजे दहा हजारांच्या आसपास त्याची मर्यादा येते आणि जिवंत वजनाला किलोमागे ३३३ रुपये पडतात. आपल्या गावातील मटणाचा दर घालून हाच हिशेब स्वतः मांडावा. आपल्याला मिळालेल्या दोन मागण्यांपैकी कोणती खरी होती, हे दलालाला न विचारताही कळेल.

ही आकडेमोड फक्त कापण्यासाठी जाणाऱ्या जनावराची आहे. गाभण शेळीची, पहिल्या वेताच्या पाठीची (तरुण शेळीची) किंवा पैदाशीच्या नराची किंमत वजनावर ठरवू नये. बेरारी ही विदर्भातील नोंदणीकृत जात आहे. तिचा जुळ्यांतला, चांगल्या बांध्याचा नर खाटकाच्या काट्यावर चढवणे म्हणजे शुद्ध नुकसान होय. असा नर गावोगावच्या शेळीपालकांना घरूनच विकावा.

वयाबद्दल सांगायचे तर दात हाच दाखला आहे. शेळी-मेंढीला साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान पहिले दोन पक्के दात येतात. बकरी ईदसाठी घेणारे प्रथम ओठ उचलून हेच पाहतात, कारण कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण झालेला असावा लागतो. लंगडा, आंधळा, कान फाटलेला किंवा शिंग मुळातून मोडलेला बोकड या कारणासाठी चालत नाही, म्हणून ईदसाठी ठेवलेल्या बोकडांना हंगामाच्या दोन-तीन महिने आधीपासून वेगळे बांधून जपावे.

मटण व्यवसायातील, मोमीनपुरा

डॉक्टरसाहेबांनी आमचा हिशेब चारचौघांत उघडा केला, पण तो बरोबर आहे. फक्त एक गोष्ट जोडतो. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात हा हिशेब लागू होत नाही. त्या दिवसांत गिऱ्हाईक मटणाचा विचार करत नसून रूप, रंग, उंची आणि निरोगीपणा यांचे पैसे मोजते आणि त्याच वजनाच्या दोन बोकडांत दुपटीचा फरक पडू शकतो. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, २०३० च्या सुमारास एप्रिलमध्ये येईल. सध्या ईद आणि बी-बियाण्यांच्या खरेदीची वेळ जवळजवळ आहे, म्हणजे शेतकऱ्याला पैशांची गरज असते तेव्हाच मागणीही असते. मात्र अगदी शेवटच्या दोन दिवसांपर्यंत थांबणे हा जुगार आहे. माल जास्त उतरला तर ईदच्या आदल्या रात्री भाव पडतो आणि बोकड परत नेण्याचे भाडे अंगावर पडते. श्रावणात आणि नवरात्रात मागणी कमी असते. आखाडीला ती वाढते आणि बडग्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात दुकानांसमोर रांगा लागतात.

मेंढीचे म्हणाल तर नागपूरचे घरगुती गिऱ्हाईक बोकडाचेच मटण मागते. मेंढीच्या मटणाला चरबी जास्त आणि वास वेगळा, असा त्यांचा समज आहे. त्यामुळे इथल्या बाजारात मेंढी बोकडाच्या बरोबरीने जात नाही. तिची खरी मागणी दक्षिणेकडे आहे. हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद या रस्त्याने हैदराबादकडे माल जातो, कारण तेथे मेंढीच्या मटणाला मान आहे. २०१७ मध्ये तेलंगणा सरकारने ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक नर असे गट वाटण्याची योजना सुरू केली, तेव्हा शेजारच्या राज्यांतून, आपल्याकडूनही, मेंढ्या खरेदी झाल्या होत्या. आपल्याच विमानतळावरून शेळ्या-मेंढ्या शारजाला पाठवण्याचा बेत २०१८ च्या जूनअखेरीस झाला होता, तो विरोधामुळे रद्द झाला. तो मार्ग खुला झाला असता, तर मेंढपाळांना एक वेगळा खरेदीदार मिळाला असता, असे माझे मत आहे.

आपला कळप लहान असल्यास एकट्याने गाडी करू नये. परिसरातील मेंढपाळांबरोबर माल एकत्र करून गाडी भरली, तर दक्षिणेकडचा व्यापारी जागेवर येऊन उचलतो आणि वजनावर बोलायलाही तयार होतो.

उमरेडकर शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. दुपारीच टेप घेऊन बोकड मोजले. ज्याला मी सर्वांत भारी समजत होतो तो केवळ उंच निघाला आणि त्याच्याहून बुटका, रुंद छातीचा बोकड चार किलोंनी जास्त भरला. जोडी अक्षय्य तृतीयेनंतर काढण्याचे ठरवले आहे. मेंढ्यांच्या लोकरीचा काही उपयोग होतो काय? तसेच विक्रीच्या कागदपत्रांविषयी आणि न विकलेले जनावर परत आणावे लागल्यास काय खबरदारी घ्यावी, याविषयीही सांगावे.

निवृत्त पशुवैद्यक, नागपूर

लोकर विसरा. आपल्याकडील मेंढीची लोकर जाडीभरडी असते आणि कातरणीचा खर्चही तिच्यातून सुटत नाही. त्यापेक्षा रिकाम्या शेतात कळप बसवण्याचे पैसे किंवा धान्य मिळते, तेच उत्पन्न धरावे.

जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असणे आवश्यक आहे. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ला नसल्यास आताच पशुवैद्यकीय दवाखान्यात मारून घ्यावा, म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवशी धावपळ होणार नाही. बाजार समितीच्या पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक, खरेदीदाराचे नाव आणि पत्ता नोंदवून घ्यावा आणि भारत पशुधन या शासनाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर मालकी बदलून घ्यावी. बैलांच्या बाबतीत यात हयगय नको. खरेदीदार शेतकरी आहे याची खात्री करूनच सौदा करावा, कारण कत्तलीसाठी बैल विकणे हादेखील गुन्हा आहे. गाडीने पाठवताना पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो.

परत आलेले जनावर थेट कळपात सोडू नये. बाजारात कोठून कोठून आलेली जनावरे एकमेकांना तोंड लावतात आणि एका पाणवठ्यावर पितात. लाळ्या खुरकूत आणि शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर हे रोग तेथूनच घरी येतात. लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा, सप्टेंबर २०२२ मध्ये, राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे आपल्याला आठवत असेल. अशा जनावराला तीन आठवडे वेगळे बांधावे आणि त्याची दावण, पाण्याचे भांडे व चारा वेगळा ठेवावा. जी मेंढरे विकणार नाही, त्यांना पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस द्यावी.

मौद्याकडचा बाजारकरी

पैशांविषयी एक सूचना. इसार घेतला तर बाकी रक्कम कोणत्या दिवशी मिळणार, हे पावतीच्या मागे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मोबाईलवरून पैसे पाठवल्याचा नुसता संदेश पाहून दावे सोडू नये. रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली पाहावी आणि मगच बैल गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. दलाली कोण देणार आणि किती, हे बोटे धरण्यापूर्वी मोठ्याने बोलून घ्यावे, कारण रुमालाखालचा आकडा दलाली धरून होता की सोडून, यावरूनच बाजारात सर्वाधिक भांडणे होतात.