विजेच्या बिलापलीकडचा खर्च

जनुकपेढीत, म्हणजे पिकांच्या वाणांचं बी जपून ठेवणाऱ्या पेढीत, बियाणं एकदा शीतगृहात ठेवलं की पुढे फक्त विजेचं बिल, असं तुम्ही म्हणता. ते मला पटत नाही. खरा पैसा माणसांवर आणि शेतावर जातो.

हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेची जनुकपेढी आहे. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग, नाचणीसारखी भरडधान्यं मिळून सव्वा लाखाच्या आसपास वाण. दीर्घकाळाचा साठा उणे २० अंशांवर. पण थंडीतही बी हळूहळू म्हातारं होतंच. म्हणून ठरावीक वर्षांनी उगवण तपासायची, आणि ती घसरली की तो वाण पुन्हा शेतात पेरून ताजं बी घ्यायचं.

इथेच हात सैल सोडावा लागतो. हरभरा स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरणारा, तो सोपा. तुरीवर मधमाश्या येतात, म्हणून जाळीखाली वाढवायची. बाजरीची कणसं फुलण्याआधीच पिशव्यांत बांधायची, नाहीतर शेजारच्या वाणाचा पराग येऊन मूळ वाणच हरवतो! रानटी भुईमुगाचं तर बी मुळातच कमी. शिवाय प्रत्येक वाणाची नोंद, सुकवणी, रोगतपासणी.

एखादं वर्ष अनुदान आटलं तर शीतगृह चालू राहतं, पण पुन्हा पेरून ताजं बी घ्यायचं काम मागे पडतं. बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही, आत बी मरत असतं. याची मला फार काळजी वाटते. २००४ साली स्थापन झालेल्या क्रॉप ट्रस्ट या आंतरराष्ट्रीय संस्थेने कायमस्वरूपी निधी उभारून त्याच्या उत्पन्नातून पेढ्यांना पैसे द्यायचा मार्ग धरला, तो यासाठीच. आपल्याकडेही सरकारी पेढ्यांसाठी असा वेगळा निधी असायला हवा.