प्रतिसाद: शिट्टी थांबवायची तर आधी वेजची जागा बघा

लॉनवरच्या कार्यक्रमात गायिकेचा मॉनिटर (तिला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) जरा वाढवला की शिट्टी, म्हणजे फीडबॅक, सुटते, ३१ बँडचा इक्वलायझर (आवाजाच्या ३१ पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणारं यंत्र) निम्मा खाली ओढूनही फरक नाही, असा प्रश्न आलाय. इतके बँड ओढले की मॉनिटरचा आवाजच पडतो, मग ऑक्स (मिक्सरवरून मॉनिटरला जाणारा आवाज) वाढवावा लागतो आणि गाडी पुन्हा तिथंच.

आधी वेजची, म्हणजे जमिनीवर तिरका ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरची, जागा बघा. एसएम५८ माइक कार्डिऑइड आहे (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा), त्याला केबलच्या बाजूने सगळ्यांत कमी ऐकू येतं. वेज बरोबर तिथेच हवा. बीटा ५८ माइक सुपरकार्डिऑइड (समोरचा आणखी अरुंद पट्टा घेणारा), त्याची बहिरी बाजू समोरून साधारण १२० अंशांवर, म्हणून वेज मधोमध नको, एका बाजूला सरकवून ठेवा. जाळी मुठीत धरली की दोन्ही हिशेब संपले, हे गायिकेला स्पष्ट सांगाच.

गाण्याच्या माइकला १०० ते १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) द्या, नको ते माइक त्या ऑक्समधून काढा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी सुटण्याआधी मिळणाऱ्या आवाजातले सुमारे ३ डीबी हातचे जातात. मग ऑक्स हळू वाढवा, शिट्टीचा बँड ३ डीबी खाली, पुन्हा वाढवा. चार-पाच बँडांवर थांबा.

आणि आपल्या नागपूरचं ऊन! मे महिन्यात दुपारी ४४ अंशांत साउंड चेक, रात्री ३४ अंशांत कार्यक्रम. आवाजाचा वेग दीडेक टक्क्याने घटतो, २.५ किलोहर्ट्झची शिट्टी सुमारे ४० हर्ट्झ खाली सरकते. दुपारी लावलेला अरुंद नॉच (एकच बारीक पट्टी कापणारा फिल्टर) तिथे चुकतो. अंधार पडल्यावर, लोक येण्याआधी, पाच मिनिटं काढून पुन्हा तपासा.