डार्क वेबवरचा एस्क्रो खरंच सेफ असतो का? (वाद घालायला या)

रात्रपाळी_पुणे:
आधीच सांगतो, मी डार्क वेबवरच्या छुप्या बाजारांतून काही घेतलेलं नाही, उगाच मेसेज करू नका. ऑफिसात वाद झाला म्हणून टाकतोय. सगळे म्हणतात तिथे नुसती फसवाफसवी. मला उलटं वाटतं, कोर्ट नाही पोलीस नाही म्हणूनच तर रेटिंग आणि एस्क्रो आले ना, म्हणजे माल पोचेपर्यंत पैसे मार्केटकडे अडकून राहतात आणि विकणाऱ्याने गंडवलं की त्याचं रेटिंग बोंबलतं. जुना मोबाइल ऑनलाइन घेताना आपल्याला एवढं तरी मिळतं का?

भिशीवाली_काकू:
नाही पटलं बाळा. आमच्या सोसायटीत भिशी होती, अकरा महिने चोख, बाई हिशेबाला इतकी पक्की की बायका नवऱ्याला न सांगता तिच्याकडे पैसे ठेवायच्या. बाराव्या महिन्यात दाराला कुलूप. तुझा एस्क्रो म्हणजे तीच पेटी, फक्त इथे पेटीवाल्याचं खरं नावही कुणाला माहीत नाही.

कोड_आणि_कटिंग:
काकू 👏 इव्होल्यूशन मार्केट असंच गेलं. मार्च २०१५. आधी पैसे काढायला उशीर, मग टेक्निकल प्रॉब्लेम आहे म्हणे, मग साइटच गायब. अंदाजे १ कोटी २० लाख डॉलर. २०२० च्या ऑगस्टमधे एम्पायर मार्केटही तसंच. गंमत बघा, मार्केट जितकं भरवशाचं तितकी पेटी जड, आणि जितकी पेटी जड तितका पळायचा मोह. म्हणजे जुनं आणि नावाजलेलं मार्केट हेच जास्त डेंजर.

रात्रपाळी_पुणे:
अरे पण मल्टिसिग आहे ना त्याला. गिऱ्हाईक, विकणारा आणि मार्केट अशा तिघांपैकी दोघांच्या चाव्या लागल्याशिवाय पैसे हलत नाहीत, मालक एकटा पळूच शकत नाही.

कोड_आणि_कटिंग:
हान्सा मार्केट मल्टिसिगचीच जाहिरात करायचं. २०१७ च्या जूनमधे डच पोलिसांनी ते गुपचूप ताब्यात घेतलं आणि जवळपास महिनाभर स्वतःच चालवलं 😂 मधेच अल्फाबे नावाचं दुसरं मोठं मार्केट बंद पडलं, तिथली सगळी गर्दी हान्सावर आली आणि थेट पोलिसांच्याच दुकानात पत्ते देत बसली. चाव्या मोजून काय उपयोग, काउंटरवर कोण बसलंय तेच कळत नाही.

मिरजेचा_तंबोरा:
त्यात पोलीसही धुतल्या तांदळाचे नाहीत राव. सिल्क रोड या डार्क वेब मार्केटच्या तपासातल्या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी तपास करता करता बिटकॉइन ढापले, २०१५ मधे दोघांनी गुन्हा कबूल केला, एकाला साडेसहा वर्षं मिळाली. आणि खुद्द सिल्क रोडचा मालक रॉस उल्ब्रिक्ट, सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे त्याने सुपारी म्हणून लाखो डॉलर दिले, आणि मेलं कुणीच नाही. सुपारीवाले बोगस, त्यातला एक तर त्या दोघांपैकीच अधिकारी. बाजाराचा मालकच जिथे गंडतो तिथे गिऱ्हाइकाने रेटिंग बघून काय दिवे लावायचे?

स्पष्टवक्ता_नाशिक:
मला कळत नाही तुम्ही का हळहळताय. ड्रग्ज घ्यायला गेले, लुटले गेले. बरं झालं.

भिशीवाली_काकू:
हळहळत नाहीये हो. पण तिथे लोकांच्या कार्डांचे नंबर आणि पासवर्डही विकले जातात, ते काय ड्रग्जवाल्यांचेच असतात का? आणि बरं झालं म्हणणाऱ्यांमुळेच चोराचं फावतं, त्याला माहीत असतं की गिऱ्हाईक तक्रार करणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कोड_आणि_कटिंग:
बुक्क्यांवरून आठवलं, इन्कॉग्निटो मार्केट, मार्च २०२४. मालकाने पैसे तर अडकवलेच, वर सगळ्यांचे मेसेज आणि व्यवहार जाहीर करीन अशी धमकी, १०० पासून २०,००० डॉलरपर्यंत रेट. ही खंडणीच आहे असं साइटवर चक्क लिहिलं होतं. मेसेज आपोआप पुसले जातात असं लोक समजत होते, ते त्याने जपून ठेवलेले. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला, तैवानचा २३ वर्षांचा पोरगा, आणि हा पकडला जायच्या आधी सेंट लुशियाच्या पोलिसांना सायबर गुन्ह्यांचं ट्रेनिंग देत होता 🙏

रात्रपाळी_पुणे:
ट्रेनिंगचं खरंय?? बरं, एस्क्रोचं मागे घेतो. पण रेटिंगचं नाही, विकणाऱ्यांना त्याची भीती असतेच.

मिरजेचा_तंबोरा:
असते की. म्हणून शंभर छोट्या ऑर्डरी नीट पोचवतात आणि रेटिंग झळकलं की मोठ्या ऑर्डरींचे पैसे आधीच मागून घेतात. काकूंच्या भिशीवालीचं रेटिंगही अकरा महिने फाइव्ह स्टारच होतं.

भिशीवाली_काकू:
साडेचार. चहा पाणचट करायची.