रमजान आणि प्रायश्चित्तकाळ एकत्र आलेत, शेजाऱ्याचा रोजा समजून घ्यायला काय हरकत आहे?

वसईकर: यंदा २०२६ला राखेचा बुधवार, म्हणजे आपल्या ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला आणि रमजानही त्याच आठवड्यात लागला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मुसलमान मित्र पहाटे सेहरी म्हणजे रोजाआधीचं जेवण करून येतो, मग मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, पाण्याचा थेंब नाही, आणि आपण कॅथलिक शुक्रवारी मटण सोडतो, कडक उपास म्हणाल तर राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, दोनच दिवस, तेही १८ ते ५९ वयाच्यांना. आपल्यात बरेच जण "त्यांचं नुसतं कर्मकांड" म्हणून मोकळे होतात, मला ते चुकीचं वाटतं, आधी विचारा तरी. मी विचारलं. तो म्हणाला, कोणी बघत नसलं तरी पाणी पीत नाही कारण रोजा अल्लाहसाठी आहे. बायबलात मत्तय ६ मध्ये येशू हेच सांगतो ना, उपास लोकांना दाखवायला नको, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासाठी करा. कुराणाची १९वी सुरा मरियमच्या नावाची आहे हेही मला त्याच्याकडूनच कळलं.

शास्त्रवाचक: दादा, प्रेमाने वागा, त्याच्यासमोर डबा उघडू नका, सगळं मान्य. पण सरमिसळ नको. कुराणातला ईसा, म्हणजे येशू, कुमारीपोटी जन्मतो, पण देवाचा पुत्र नाही, आणि कुराणाची ४:१५७ ही आयत म्हणते त्याला क्रुसावर मारलंच नाही. क्रूस गेला की पुनरुत्थान गेलं, मग आपल्याकडे उरलं काय? आणि आपलं तारण कृपेने आहे, उपास करून कमवायचं नाही.

दापोलीची: मी मुसलमान आहे. तुमचं स्पष्ट बोलणं आवडलं, तौहीदवर, म्हणजे देव एकच यावर, आम्हीपण तडजोड करत नाही. पण "कमवायचं" हे बरोबर नाही हो. अल्लाहच्या रहमतीशिवाय, म्हणजे दयेशिवाय, कोणी जन्नतमध्ये जात नाही असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. आजारी माणसाला, प्रवाशाला सूट असते, राहिलेले रोजे नंतर धरायचे. आणि नुसतं उपाशी राहून भागत नाही, साठलेल्या पैशातून अडीच टक्के जकात, म्हणजे गरिबांसाठीचं सक्तीचं दान, काढावी लागते, आमच्याकडे बहुतेक जण ती रमजानमध्येच देतात.

शास्त्रवाचक: रहमतीचं माहीत नव्हतं, ते मी मागे घेतो. क्रुसाचा प्रश्न मात्र तिथंच आहे.

वसईकर: आहेच, मी कुठं पुसा म्हटलं? १९६५च्या नोस्त्रा एताते या व्हॅटिकन परिषदेच्या इतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रामध्ये चर्च मुसलमानांकडे आदराने पाहते असं लिहिलंय आणि ते येशूला देव मानत नाहीत हेही तिथंच लिहिलंय. ३ एप्रिलला गुड फ्रायडे, मित्राला म्हटलंय ये, आम्ही त्या क्रुसापुढं का गुडघे टेकतो ते बघ. येतो म्हणालाय.