मदत हवी आहे : मागचे पाय निकामी झालेल्या चिंगीसाठी घर

नमस्कार. कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळ वाहनाच्या धडकेत मणक्याला इजा झालेली, साधारण तीन वर्षांची गावठी कुत्री गेले पाच महिने एका निवारा केंद्रात आहे. तिला कायमचे घर मिळवून देण्यासाठी आपली मदत हवी आहे.

चिंगीचे मागचे दोन्ही पाय चालत नाहीत आणि लघवीवरचा ताबाही गेला आहे. त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा तिच्या पोटाच्या खालच्या भागावर हलका दाब देऊन मूत्राशय रिकामे करावे लागते, कारण लघवी साचून राहिली तर संसर्ग होतो. पशुवैद्यांकडून एकदा नीट शिकून घेतले की हे पाच मिनिटांचे काम आहे. अधिक जपावे लागते ते कातडीला, कारण फरशीवर अंग ओढल्याने ती सोलवटते. चाकांची गाडी बांधली की मात्र चिंगी अंगणभर धावते आणि चाक कुंडीला अडकले, तर न भुंकता मान वळवून आपल्याकडे पाहत थांबते.

नसबंदी आणि रेबीजची लस झाली आहे. तळमजल्यावरचे आणि दिवसभर कोणीतरी असणारे घर हवे. एका कुटुंबाने तिला पंधरा दिवसांत परत आणून सोडले होते. तो धक्का तिला पुन्हा बसू नये, एवढीच कळकळीची विनंती आहे. औषधे आणि डायपरचा खर्च आम्ही उचलू.

कोल्हापूर किंवा इचलकरंजी परिसरात असे कुटुंब आपल्या माहितीत आहे का? तसेच उद्यमनगरात मापाप्रमाणे हलकी ॲल्युमिनियमची गाडी बनवून देणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.